सोमवार, सकाळी आठ

डिसेंबर उजाडला की नागपूरकराला दोन गोष्टी हमखास होतात. एक सर्दी, दुसरं अधिवेशन. सिव्हिल लाइन्सला बॅरिकेड्स लागतात, हॉटेलांचे भाव चढतात, आणि मुंबईहून आलेली मंडळी तर्री-पोहे खाऊन नाक पुसत ‘नाइस, नाइस’ म्हणत फिरतात. यंदा मात्र माझ्या नशिबात आणखी एक हिवाळी अधिवेशन होतं. त्यात ना मोर्चे होते, ना चॅनेलच्या व्हॅन. होती फक्त बारा जणांची एक कमिटी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि साखर जास्त झालेला चहा.

झालं असं, की सप्टेंबरमध्ये एका रात्री मैत्रिणीचा फोन आला. ‘‘आपल्या तरुण संघाचं युवा अधिवेशन ठरून राहिलंय. तू मास कॉम केलंय ना? मीडिया तुझ्याकडे.’’ मी म्हटलं, अगं मी फ्रीलान्सर आहे. ती म्हणाली, ‘‘म्हणूनच ना. फ्रीच असतेस.’’ मास कॉमच्या डिग्रीचा एवढा अचूक अर्थ दोन वर्षांत एकाही सरांनी सांगितला नव्हता.

आता हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना चर्चच्या कमिट्यांची सवय असेलच असं नाही, म्हणून थोडी ओळख. आम्ही मराठी ख्रिस्ती. घरात आजी, रविवारी उपासना, नाताळला करंज्या-अनारसे, आणि भांडणं अस्सल नागपुरी. मीटिंग घेण्यात तर आमचा हात कोणी धरणार नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचंच बघा. वेगवेगळ्या चर्चेसनी एक व्हावं याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली, आणि सहा चर्चेस खरोखर एक झाली ती २९ नोव्हेंबर १९७० ला, आपल्या नागपुरात. म्हणजे एकेचाळीस वर्षं चर्चा! त्या थोर परंपरेला जागून आमच्या कमिटीने पहिल्याच बैठकीत टी-शर्टच्या रंगावर एकेचाळीस मिनिटं घालवली. (मी घड्याळ लावलं होतं. शेवटी नेव्ही ब्लू.)

मग तारखा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पंख्याखाली प्रवचन ऐकायला कोणीच येत नाही. जून-जुलै अॅडमिशनमध्ये जातो. दिवाळीत सगळे मामाकडे. डिसेंबरचा पहिला अर्धा सरकारी अधिवेशनाचा, दुसरा नाताळचा. उरला जानेवारी. जानेवारीचा दुसरा वीकएंड, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. तीनशे तरुण, विदर्भभरातून. विषय एकमताने पास झाला: सेवा.

विषय भारी होता. मग मी वेळापत्रक नीट वाचलं. शुक्रवारी ‘सेवा’ या विषयावर भाषण. शनिवारी सकाळी ‘सेवा’ या विषयावर गटचर्चा. रविवारी ‘सेवा’ या विषयावर प्रवचन. आणि शनिवारी दुपारी, चहा आणि कॅम्पफायरच्या मध्ये, एका चौकोनात लिहिलं होतं: ‘सेवा. ३ ते ६.’

त्या तीन तासांचा प्लॅनही तयार होता. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, पेशंटच्या नातेवाइकांना बिस्किटं आणि ब्लँकेटं वाटायची. ब्लँकेटं मंडळीतल्या एका काकांकडून. अट एवढीच, की बॅनरवर त्यांच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव आणि फोटो हवा. मी उत्साहाने एका पेपरला फोटो-फीचर कबूल करून बसले होते. नेव्ही ब्लू टी-शर्ट, लाल ब्लँकेटं, हिवाळ्यातलं तिरपं ऊन. फ्रेम डोळ्यांपुढे तयारच होती.

रेकी

चांगल्या फ्रेमसाठी आधी जागा बघावी लागते, म्हणून नोव्हेंबरमध्ये एका सकाळी मी एकटीच जाऊन आले. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे. मी कुठे गेले ते सांगत नाही, कारण गोष्ट दवाखान्याची नाहीये. आमची आहे.

अशा आवारात तुम्ही कधी सकाळी गेलायत? झाडाखाली चुली नसतात एवढंच, बाकी अख्खा संसार असतो. चटई, पाण्याची बाटली, एक्स-रेचा लांब लिफाफा, दोरीवर वाळणारा टॉवेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडे छिंदवाडा-बालाघाट, छत्तीसगड… इतक्या लांबून माणसं इथे येतात. पेशंट आत वॉर्डात, घरचे बाहेर.

एका झाडाखाली एक बाई बसली होती, माझ्या आईच्या वयाची. शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. मी मोबाइल काढला. ऊन छान पडलं होतं. क्लिक. तिने पदर तोंडावर ओढला.

मुलगा उठून माझ्याकडे आला. आता हा भांडणार, असं वाटलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, फोटो झाला असन तर एक काम करता का? हे काय लिवलंय ते वाचून द्या.’’

त्याच्या हातात तीन कागद होते. एक योजनेचा, एक तपासणीचा, एकावर नुसतेच शिक्के. ते भामरागडच्या बाजूचे, घरी माडिया बोलणारे. मुलगा मराठी शाळेत शिकलेला, पण कागदावरचं मराठी वेगळं आणि निम्मं इंग्रजी. मी वाचलं. रेशनकार्डाची झेरॉक्स लागणार होती, आधारची होतीच. ती घेऊन योजनेच्या डेस्कवर आरोग्यमित्राकडे जायचं होतं. एवढंच! पाच मिनिटांचं काम. पण ते दोन दिवसांपासून अडलं होतं, कारण मुलगा रांगेत गेला की बाबांजवळ कोणी उरत नव्हतं, आणि आई रांगेत गेली तर खिडकीतल्या माणसाशी बोलणार कुठल्या भाषेत?

योजना काही नवी नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. म्हणजे उपचार आहेत, पैशाची सोय आहे, मदतीला माणूसही बसवलाय. मधलं अंतर तेवढं उरतं, झाडापासून खिडकीपर्यंतचं.

जाताना मी शहाणपणा करून विचारलं, ‘‘आम्ही जानेवारीत येणारोय, बिस्किटं-ब्लँकेटं घेऊन. अजून काय आणू?’’ मुलाने चटईखालची पिशवी दाखवली. बिस्किटांचे सहा पुडे. ‘‘काल दोघं जण देऊन गेले. परवा पण. खूप लोक देतात ताई, चांगले आहेत.’’ मग थोडं थांबून, ‘‘तुम्ही कोणत्या पार्टीचे?’’

अधिवेशनाचा मोसम होता, त्याचं काय चुकलं?

आजीचा फंडा

माझी आजी नर्स होती. मिशनच्या दवाखान्यात शिकली आणि चौतीस वर्षं नोकरी केली. आता गुडघे बोलतात, पण जीभ अजून वॉर्डातलीच आहे. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, फोटोसकट. फोटो बघून ती म्हणाली, ‘‘तिला विचारलंस?’’ मी गप्प. ‘‘पुस तो आधी.’’

पुसला. मग तिने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘हे बघ पोरी. आम्ही सेवा-बिवा काही म्हणत नव्हतो. आम्ही ड्यूटी म्हणत होतो. ड्यूटी म्हणजे काय? उद्या परत जायचं. आज पेशंटनं शिव्या दिल्या तरी उद्या जायचं. तुमचं ते तीन ते सहा झाल्यावर साडेसहाला कोण आहे तिथं?’’

साडेसहाला कॅम्पफायर होता. हे मी तिला सांगितलं नाही.

त्या रात्री झोप येईना, म्हणून जुनी पुस्तकं काढून बसले. स्टीफन हिस्लॉप. हो, तेच, ज्यांच्या नावाच्या कॉलेजचे (स्थापना १८८३) तास तुमच्यापैकी निम्म्यांनी बंक केलेत. हा स्कॉटिश माणूस १८४५ मध्ये नागपुरात आला तो धर्मप्रसारासाठीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आल्यावर तो मराठी शिकला, गोंडांच्या वस्त्यांवर जाऊन बसला, त्यांचे शब्द आणि गाणी उतरवून घेत राहिला. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना रात्री पुराच्या पाण्यात तो बुडाला. १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्याची टिपणं छापली. त्या टिपणांत गोंडी शब्दांच्या याद्या आहेत. म्हणजे हा बाबा आधी शब्द विचारत होता.

आणि अगदी आपल्या आई-बाबांच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर हेमलकसा. १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले. डॉक्टर जंगलात येऊन बसले म्हणून पेशंट धावत आले, असं काही झालं नव्हतं. विश्वास बसायला वेळ गेला, आणि तेवढा वेळ ते तिथेच राहिले.

इथे आमच्याकडे तीन तास होते. त्यातला एक बसमध्ये जाणार होता.

दंगल

पुढच्या बैठकीत मी विषय काढला आणि जी दंगल झाली, ती विधानभवनात झाली असती तर लाइव्ह दाखवली असती.

एक जण म्हणाला, ‘‘काऊन बे, पोरं दोन दिवस भाषणं ऐकतील का? ते तीन तासच तर मजेचे आहेत.’’ दुसरी म्हणाली, टी-शर्ट छापायला गेलेत. ब्लँकेटवाले काका स्वतः हजर होते. त्यांचा प्रश्न एकदम सरळ: ‘‘जानेवारीत थंडी असते की नाही? ब्लँकेट लागतं की नाही?’’ लागतं. नागपूरची जानेवारीतली पहाट ज्याने उघड्यावर काढलीये तो नाही म्हणणार नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तो मुद्दा आला जो आमच्या प्रत्येक बैठकीत कधी ना कधी येतो. ‘‘टी-शर्टवर क्रॉस आहे. दवाखान्यात गेलो तर लोक म्हणणार, आले धर्मांतराला.’’ खोलीत शांतता. हे नागपूर आहे, मंडळी. १९२५ मध्ये संघ इथेच सुरू झाला, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा इथेच घेतली, आणि नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचं मुख्यालयही इथेच. श्रद्धा म्हणजे काय आणि तिची किंमत काय, हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही. संशय म्हणजे काय, तेही नाही.

मला माझी कॉलेजची मैत्रीण आठवली. ती बौद्ध कुटुंबातली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि शहरभर पाण्याचे, जेवणाचे मंडप लागतात. ती शाळेत असल्यापासून अशाच एका मंडपात काम करते. तिला फोन लावून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, ‘‘वाटणारे भरपूर मिळतात यार. वाटताना बरं वाटतं ना. रात्री अकरा वाजता ग्लास-पत्रावळी उचलायला कोण थांबतं ते बघ, आणि त्यांच्या भरवशावर प्लॅन कर. बाकीचे पाहुणे समज.’’

पाळकसाहेब तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते म्हणाले, ‘‘आपण तिथे जाऊन विचारूया का, काय पाहिजे ते?’’ दीड महिन्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आमच्या मिनिट्समध्ये लिहिला गेला.

आम्ही चौघं जाऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटलो. सरकारी दवाखान्यात हे पद असतं, हे मला पत्रकार असून माहीत नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. ब्लँकेटं जरूर द्या, पण माझ्याकडे. कोणाकडे नाही ते आम्हाला ठाऊक असतं, नाहीतर एकाला चार मिळतात आणि एकाला एकही नाही. दुसरं, तीनशे माणसं एकदम आणू नका, हात जोडते. तिसरं, मदतीची गरज आहे कागद वाचायला, खिडकी दाखवायला, पेशंटजवळ अर्धा तास बसायला.

‘‘मॅडम, आम्ही दर रविवारी येऊ,’’ आमचा कमिटीप्रमुख जोशात म्हणाला.

‘‘रविवारी खिडक्या बंद असतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोमवारी सकाळी आठला या.’’

हात वर, हात खाली

अधिवेशन झालं. काकांनी पन्नास ब्लँकेटं अधीक्षकांकडे पोचवली, बॅनरशिवाय. स्वतः मात्र आले नाहीत, आणि त्यांनी कबूल केलेले बाकीचे पैसेही आले नाहीत. त्यामुळे शनिवारच्या जेवणातलं सावजी मटण जाऊन वांग्याची भाजी आली. आजच्या तरुण पिढीने सेवेसाठी केलेला हा पहिला खराखुरा त्याग, त्याची नोंद व्हावी.

‘सेवा, ३ ते ६’ या चौकोनात आम्ही कुठेच गेलो नाही. हॉलमध्येच बसलो. एका निवृत्त समाजसेविकेने ट्रेनिंग दिलं. फॉर्म कसा वाचायचा. कुठल्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात. औषधाबद्दल सल्ला द्यायचा नाही, ते डॉक्टरचं काम. पैशाचं वचन द्यायचं नाही. फोटो काढायचा नाही. (इथे मी जमिनीकडे बघत होते.) पत्रक वाटायचं नाही. प्रार्थना त्यांनी मागितली तरच, आणि हळू आवाजात. टी-शर्ट घालायचा नाही, गळ्यात दवाखान्याने दिलेलं ओळखपत्र तेवढं. यावर मागून एक मुलगा म्हणाला, ‘‘मग आपण ख्रिस्ती आहोत हे कळणार कसं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘नाव विचारलं तर सांग की. खोटं थोडंच बोलायचंय.’’

शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, नागपुरात राहणाऱ्यांपैकी कोण यायला तयार आहे? धडाधड हात वर. मोजले, बासष्ट. टाळ्या. मग त्यांनी सांगितलं, सोमवारी, सकाळी आठ ते दहा.

हात खाली येताना कसा आवाज होतो माहितीये? काहीच होत नाही. तेवीस उरले.

वाईट वाटलं. पण कोणाला नावं ठेवायची? मिहानमध्ये नोकरी करणाऱ्याला सोमवारी दहाला मीटिंग असते. शाळेत शिकवणारी येऊच शकत नाही. कॉलेजच्या पोराचं प्रॅक्टिकल असतं. ‘स्वतःसाठी नाही, तर तुमच्यासाठी’ या अर्थाचं घोषवाक्य घेऊन एनएसएस १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा ३७ विद्यापीठांतून ४० हजार विद्यार्थी होते. हे आकडे वाचताना माझं लक्ष आता वेगळ्याच गोष्टीकडे जातं: शिबिर संपल्यावरच्या सोमवारी त्यातले किती गेले असतील?

तेवीस जणांची पाळी लावली. एकाला महिन्यातून एकदाच यायचं, म्हणजे दर सोमवारी पाच-सहा जण. पेपरला दिलेलं फीचर मी रद्द केलं. एडिटर वैतागले, पैसेही गेले. फ्रीलान्सरचा त्याग वांग्याच्या भाजीपेक्षा महाग पडतो, हेही नोंदवून ठेवा.

आज पाच महिने झाले. तेवीसचे सतरा उरलेत. मी स्वतः एक पाळी चुकवली. डेडलाइन होती असं ग्रुपवर टाकलं, खरं तर झोपले होते. आजीला सतराचा आकडा जरा घाबरतच सांगितला. ती म्हणाली, ‘‘सतरा? वॉर्डात इतक्या नर्सा आम्हाला कधी मिळाल्या नाहीत.’’

तुमच्याही ऑफिसात, कॉलेजात, गणेश मंडळात, मोहल्ल्यात कुठलंसं ‘सेवा’चं प्लॅनिंग चालू असेलच. टी-शर्टचा रंग ठरवा, खुशाल ठरवा. पण त्याआधी एक जण जाऊन विचारून या. आणि साडेसहाला कोण असेल, ते वेळापत्रकात लिहा.

भामरागडचा तो मुलगा मला परत दिसला नाही. त्याच्या बाबांचं काय झालं ते कळलं नाही, आणि विचारायला मी त्याचं नावही घेतलं नव्हतं. फोटो मात्र घेतला होता.

परवाच्या सोमवारी गोंदियाकडच्या एका आजोबांजवळ बसले होते. आजी आंघोळीला आणि झेरॉक्सला गेल्या होत्या. अर्धा तास आम्ही धानाच्या भावावर बोललो. म्हणजे ते बोलले, मी मान डोलावली. आजी आल्या, कागद हातात, केस ओले. मी उठले आणि म्हटलं, ‘‘येते आजोबा. पुढच्या सोमवारी आमचे दुसरे लोक येतील.’’

आजोबा हसले. ‘‘येऊ द्या ना बाई. पण पुढच्या सोमवारी आम्ही इथं कायले राहून राहिलो? घरी जाऊन राहिलो!’’